प्रतिभाताईंची चुकलेली मोजणी

प्रतिभाताई राऊत कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नसत. त्या छताच्या कोपऱ्यांकडे बघत, मग खिडक्यांच्या चौकटींकडे, मग दाराखालच्या फटीकडे, आणि हे सगळं झाल्यावर यजमानांकडे. तोवर यजमान "या, या" म्हणून थकलेले असत. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आम्हा मराठी मंडळींत यावर दोन मतं होती. एक म्हणजे बाई शिष्ट आहेत, आणि दुसरं म्हणजे बाई आपल्या घरातली जळमटं मोजतायत. दोन्ही खोटी होती. घरातली ऊब कुठून पळते ते त्या शोधत असत, आणि कॅमेऱ्याशिवायही ते त्यांना बरंचसं कळे.

कॅमेरा होताच. तो खेमेंटेचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा. भिंतीवर रोखला की ऊब असेल तिथं पडद्यावर पिवळं-तांबडं दिसतं, गारठा असेल तिथं निळं-जांभळं. हिवाळ्यात नगरपालिकेचे स्वयंसेवक हा कॅमेरा घेऊन लोकांच्या घरी जातात आणि घर तापवायला जाळलेला तुमचा गॅस कुठल्या फटीतून आकाशात जातो ते दाखवतात. गॅस महागल्यापासून या स्वयंसेवकांना जो मान मिळू लागला, तो आमच्याकडे फक्त सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींना मिळतो. दोघांनाही आधी फोन करून तारीख घ्यावी लागते.

बेस्ट हे आइंडहोवनच्या शेजारचं गाव. गावाच्या नावावरून होण्यासारखा विनोद आमच्यातल्या प्रत्येकाने इथं आल्या आल्या करून टाकलेला असतो, म्हणून तो पुन्हा करत नाही.

ताई मूळच्या अकोल्याच्या. अर्धं आयुष्य ऊन घराबाहेर ठेवण्यात गेलं आणि उरलेलं ऊब घरात ठेवण्यात चाललंय, असं त्या स्वतःच म्हणत. तिकडे त्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. राऊतसाहेबांची नोकरी आधी पुण्याला आणि मग इकडे आली, तशा त्याही आल्या. व्हिसावर त्यांची नोंद 'अवलंबून असलेली व्यक्ती' अशी होती. कोण कुणावर अवलंबून होतं ते राऊतसाहेबांना विचारावं. ते ज्या कारखान्यात काम करत, तिथं खोलीचं तापमान अंशाच्या किरकोळ भागानेसुद्धा हललं तर माणसं धावत येत, आणि त्या धावपळीचे प्रमुख राऊतसाहेब होते. घरी मात्र त्यांना थर्मोस्टॅटला हात लावायची परवानगी नव्हती.

डच त्या लायब्ररीतल्या भाषावर्गात शिकल्या. शब्द डच, चाल अकोल्याची. दार उघडून त्या मराठीत "या हो" म्हणत. डच माणसाला ते 'या होर' असं ऐकू येई, म्हणजे त्यांच्या भाषेत 'हो, अगदी'. त्यामुळे इथल्या लोकांचा समज झाला होता की ही बाई दारातच सगळ्याला मान्यता देते. पुढची पाच मिनिटं तो समज टिके.

माझी त्यांची ओळख माझ्याच घराच्या तपासणीत झाली. सकाळीच फोनवर सूचना आल्या. दुपारपासून घर नीट तापवून ठेवा, खिडक्या लावा, अंधार पडल्यावर येते, भिंतीवरचं ऊन उतरल्याशिवाय काही खरं दिसत नाही. आल्या. कोपरे बघितले. मग आम्हाला बघितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरची खिडकी बघितली. ती फोडणीचा वास जावा म्हणून आम्ही बारा महिने किलकिली ठेवतो आणि ती उघडी आहे हे आमच्या आता लक्षातही येत नाही. ताईंनी कॅमेरा रोखला. त्या फटीतून पिवळ्या रंगाची एक शेपटी सरळ बाहेर चालली होती. "तुमचं घर चांगलं आहे," त्या म्हणाल्या, "राहणारे गळके आहेत."

पुढे जे झालं त्यावरून माझ्या घरात अजूनही अधूनमधून बोलणं निघतं. माझी बायको अंजली हिला घर उबदार लागतं, मला बिल उबदार लागत नाही. त्यामुळे आमच्या दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट दिवसभर वरखाली होत असतो आणि तो कोण करतं हे दोघंही कबूल करत नाही. त्या संध्याकाळी घर तापत नाही अशी अंजलीची तक्रार होती, आणि यंत्र बिघडलं असावं असं माझं शांतपणे चाललं होतं. ताईंनी सहज कॅमेरा थर्मोस्टॅटवर नेला. निळसर प्लास्टिकवर बोटाचा एक ताजा, टपोरा, तांबडा ठसा होता. खोलीत त्या बाजूला मी एकटाच उभा होतो. ठसा बघता बघता विरत गेला, पण तोवर अंजलीने तो बघितला होता. ताईंनी फक्त कॅमेरा बंद केला, आणि अशा वेळी न बोलणं हा त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात जहाल प्रकार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

स्वयंसेवकांनी जोडीने जायचं असा नगरपालिकेचा नियम होता. ताईंचे आधीचे जोडीदार एक निवृत्त डच गृहस्थ होते. ते एका हिवाळ्यानंतर पाठदुखीचं कारण सांगून थांबले. पाठ त्यांची ठणठणीत होती, मी नंतर त्यांना टेनिस खेळताना बघितलं. त्यांच्या जागी अंजलीने माझं नाव दिलं. मी नाहीतरी संध्याकाळी सोफ्यावरच असतो, असं तिचं म्हणणं होतं. अशा रीतीने मी ऊर्जा वाचवण्याच्या कार्याला लागलो. माझं काम टॉर्च धरणं आणि ताई सांगतील ते टिपणं एवढंच होतं. त्यातलं टिपणं त्या नंतर स्वतःच पुन्हा करत.

वारा कुठून शिरतो ते बघायला नगरपालिकेने धूर सोडणारी एक कांडी दिली होती. ताईंना ती पोरखेळ वाटली. त्या उदबत्ती वापरत. ती पेटवून खिडकीच्या चौकटीभोवती, दाराभोवती, पत्रं टाकायच्या झडपेभोवती सावकाश फिरवायची आणि धूर जिथं वाकडा होईल तिथं खूण करायची. काम चोख होई. पण बघणाऱ्याला ते तसं दिसत नसे. एका घरातले आजोबा ताईंनी उदबत्ती फिरवायला सुरुवात करताच टीव्ही बंद करून उभे राहिले, आणि दुसऱ्या खोलीतून बायकोलाही बोलावून आणलं. दोघं शेवटपर्यंत हात जोडून उभी होती. मी ताईंना हळूच म्हटलं की यांना खरं काय ते सांगू या. त्या म्हणाल्या, राहू द्या, निदान दार तरी धडाधडा उघडून नाही राहिले कोणी.

ताईंना वादात हरणं माहीत नव्हतं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे पाठक. पाठक आमच्या मंडळाचे चिटणीस, सॉफ्टवेअरमधले मोठे अधिकारी आणि मूळचे पुण्याचे, म्हणजे हरणं त्यांनाही माहीत नव्हतं. एकदा कोजागरीला ते सहज म्हणून गेले की खिडक्यांतून थंडी आत येते. ताईंनी मसाला दुधाचा पेला खाली ठेवला. "थंडी नावाची वस्तूच नाही पाठकसाहेब. येईल कुठून? ऊब जाते, मागे राहते त्याला तुम्ही थंडी म्हणता." पाठकांनी बोलीभाषा, लोकव्यवहार, अनुभव असे तीन बुरूज लढवून बघितले. दूध आटलं, चंद्र डोक्यावर आला, पाठक उतरले. तेव्हापासून मंडळात हवामानावर बोलताना ते आधी ताई कुठे आहेत ते बघत.

हे सगळं सांगायचं कारण असं की, अशा बाईने एका हिवाळ्यात भर सभेत उभं राहून सांगितलं की माझी मोजणी चुकली. आणि मोजणी चुकलेली नव्हती.

झालं ते असं. पाठक राहत त्या गल्लीत एकाला एक लागून जुन्या घरांची एक रांग आहे. दोन विटांच्या भिंती, मध्ये पोकळी, त्या पोकळीत काही भरलेलं नाही. ती सगळ्यांनी मिळून भरून घ्यावी अशी नगरपालिकेची योजना होती. अख्खी रांग एकदम झाली तर काम नीट होणार होतं. त्यासाठी ताईंनी आणि मी एका कोरड्या, गोठलेल्या पहाटे समोरच्या पदपथावरून सगळ्या घरांचे फोटो काढले. मालकांच्या परवानग्या आधीच घेतल्या होत्या. रांग अपेक्षेप्रमाणे उजळली. खिडक्यांखालचे गरम पाण्याचे रेडिएटर विटांतून तांबडे दिसत होते, छपरांचे कणे पिवळे होते, पाठकांचं घर तर दिवाळीला लायटिंग केल्यासारखं. फक्त टोकाचं एक घर निळं होतं. वरपासून खालपर्यंत, शांत, गडद निळं.

ते मेनेर वाउटर्स यांचं घर. मेनेर म्हणजे श्रीयुत, जसं मेव्राउ म्हणजे श्रीमती. वाउटर्स ऐंशीच्या पलीकडचे, एकटे, ताठ कण्याचे. आयुष्यभर लाकूडकाम केलेले. त्यांनी परवानगीवर सही केली होती, पण आतून बघायला मात्र कुणाला घरात घेतलं नव्हतं.

मग गल्लीची सभा झाली. ताईंनी पडद्यावर एकेक घर दाखवलं आणि प्रत्येकाच्या उणिवा त्यांच्या खास मोकळेपणाने सांगितल्या. पाठकांच्या घराला त्यांनी जरा जास्त वेळ दिला. शेवटी ते निळं घर आलं. ताई म्हणाल्या, रांगेतलं सर्वांत उत्तम घर हे. मेनेर वाउटर्सनी काय भरलंय, कुणाकडून करून घेतलंय, ते त्यांनी आपल्या सगळ्यांना सांगावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाउटर्स उठले आणि म्हणाले, "स्वेटर." सभा खळाळून हसली. डच माणसाला काटकसरीवरचा विनोद फार आवडतो. वाउटर्सही हसले आणि खाली बसले.

बाहेर सायकलींची कुलपं काढताना मी म्हटलं, सभा छान झाली. ताईंचं लक्ष नव्हतं. त्या चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांची भाषा थेट अकोल्याला जाई.

"जोशीभाऊ, ज्याचं घर सगळ्यात गरम, तो माणूस पूर्ण वेळ रेडिएटरला पाठ लावून काहून बसते?"

मी आठवून बघितलं. वाउटर्स सभेला सगळ्यांच्या आधी आले होते, भिंतीकडची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून घेतली होती, आणि कॉफी संपून दिवे मालवायला लागले तरी ते उठले नव्हते. अंगातला कोट तेवढा वेळ त्यांनी काढला नव्हता. घर उत्तम असेल तर ऊब बाहेर पडत नाही आणि भिंत निळी दिसते. आत ऊबच नसेल तरी भिंत निळीच दिसते. हे फिजिक्स मुलांना शिकवत आलेल्या बाईंनी त्याच घराला टाळ्या मिळवून दिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाउटर्सच्या दारात उभे होतो. दार एवढंसं उघडलं. ताईंनी सांगितलं, आतूनही फोटो घ्यावे लागतात, नियम आहे. हे नवीनच होतं, पण नियम म्हटल्यावर वाउटर्सचा हात आपोआप दारावरून निघाला. पॅसेजमध्ये आमचे श्वास दिसत होते. दिवाणखान्यातलं फर्निचर चादरीखाली होतं. पलंग मागच्या स्वयंपाकघरात आणलेला होता, आणि त्याच्यापाशी विजेचा एक लहानसा हीटर सगळ्या घराचा संसार ओढत होता. मागची बाजू रस्त्यावरून दिसत नाही. आमचे फोटो पुढून घेतलेले.

घर तापवणारा बॉयलर हिवाळ्याच्या तोंडालाच बंद पडला होता. वाउटर्सनी तो दुरुस्त करून घेतला नव्हता, कारण देखभालीची व्यवस्था त्यांच्या मुलाने आपल्या नावावर करून ठेवली होती. इथून फोन गेला की पहिला निरोप मुलाला. मुलगा उत्रेख्तला. चांगला होता, दर रविवारी फोन करायचा, आणि गेलं वर्षभर सांगत होता की हे घर आता तुम्हाला झेपत नाही. त्याने वृद्धांसाठीच्या एका इमारतीत चौकशीही करून ठेवली होती. वाउटर्स हे सगळं स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या घराची गोष्ट असावी तसं सांगत होते. त्या घराचे जिने, दारं, कपाटं, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने केलेलं होतं. बॉयलर बंद पडलाय एवढंच त्याला सांगा, असं मी म्हटलं. ते म्हणाले की मी सांगेन बॉयलर, पण त्याला ऐकू येईल म्हातारा.

मग त्यांनी ताईंना विचारलं, "मेव्राउ राऊत, तुम्ही हे कळवणार?"

हा प्रश्न बरोबर होता. कुणी वृद्ध अशा अवस्थेत आढळला तर कार्यालयाला कळवायचं, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. कार्यालयातली माणसंही चांगली होती. ती तडक मुलाला फोन करतील इतकी चांगली होती.

ताईंनी त्या हीटरकडे एकदा बघितलं आणि त्यांच्या वर्गातल्या आवाजात सांगितलं की पहिली मोजणी बाद आहे. घर पूर्ण एक दिवस आणि एक रात्र वीस अंशांवर तापवून पुन्हा मोजावं लागेल, नाहीतर अख्ख्या रांगेचं काम अडेल आणि त्याला जबाबदार मेनेर वाउटर्स राहतील. वाउटर्सनी विचारलं, असा नियम आहे? ताई म्हणाल्या, "आहे." आपल्यामुळे गल्लीचं काम अडणं ही गोष्ट त्या माणसाला थंडीपेक्षा असह्य होती. त्यांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, मग माणूस बोलवायला हवा.

माणूस ताईंनी आणला, मुलाच्या व्यवस्थेबाहेरचा. गावातले सगळे बॉयलरवाले त्यांना ओळखत आणि थोडेफार घाबरत, कारण त्यांचं काम झाल्यावर ताई कॅमेरा घेऊन जात. एक लहानसा पंप गेला होता. दुसऱ्या दिवशी घर धडधडायला लागलं. त्यानंतरच्या पहाटे आम्ही पुन्हा पदपथावर उभे राहिलो आणि फोटो घेतला. वाउटर्सचं घर रांगेतलं सर्वांत गळकं निघालं. पाठकांपेक्षाही. प्रत्येक विटेतून ऊब वाहत होती. पडद्यावरचं ते तांबडं-पिवळं घर बघून ताई प्रसन्न झाल्या. इतका वाईट निकाल बघून इतकी खूश झालेली स्वयंसेविका नगरपालिकेने पाहिली नसेल.

आता प्रश्न सभेचा होता. पहिल्या फोटोवर भरवसा ठेवून वाउटर्सचं घर कामातून वगळलं गेलं होतं. ते परत घ्यायचं तर उत्तम घर आठवड्यात टाकाऊ कसं झालं हे सांगायला हवं. मी सुचवलं की काहीच न सांगता यादीत घालू या. ताई म्हणाल्या, पाठक विचारल्याशिवाय राहतील का?

पाठकांनी विचारलं. दुसऱ्या सभेत दोन फोटो शेजारीशेजारी होते, एक निळा, एक पिवळा. पाठक उठले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की आपल्याला यातलं कळत नाही, पण हे एकच घर आहे ना? वाउटर्स पहिल्या रांगेत होते. आज भिंतीपाशी नव्हते, कोट काढून मांडीवर ठेवला होता. ते ताईंकडे बघत नव्हते, स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

"माझी चूक," ताई डचमध्ये म्हणाल्या. "कॅमेऱ्याची मोजपट्टी मी चुकीची लावली होती. दुसरा फोटो बरोबर आहे."

नगरपालिकेचा तरुण समन्वयक यास्पर मागे बसला होता. त्याने मान वर केली. कुठल्या तापमानाला कुठला रंग ही मोजपट्टी कॅमेरा स्वतःच लावतो हे त्याला माहीत होतं. पण ताई चूक कबूल करतायत हे दृश्यच इतकं अपूर्व होतं की बाकीचं त्याच्या डोक्यातून निसटलं असावं. त्याने वहीत काहीतरी लिहिलं. वाउटर्सचं घर यादीत आलं.

मंडळात बातमी त्याच संध्याकाळी पोचली. मोजपट्टी वगैरे बारकावे वाटेत गळून पडले आणि उरलं ते असं की प्रतिभाताईंनी कॅमेरा उलटा धरला. हा विनोद फार जगला. गणपतीत आरतीचं तबक त्यांच्या हाती देताना पाठक म्हणायचे, ताई, सरळ आहे ना? सहलीत ताई फोटो काढायला लागल्या की मोबाइल त्यांच्या हातून काढून घ्यायचे. हवामानावर पाठक आता मोकळेपणाने बोलू लागले. ताई हसत. त्यांचं ते हसू बघून राऊतसाहेबांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं की हिला बरं नाहीये का.

विनोदावर भागलं असतं तर ठीक होतं. नगरपालिकेच्या ऊर्जा-सल्ला केंद्रात त्या वसंतात एक पगारी जागा निघाली. इतकी वर्षं फुकट काम केलेल्या ताईंखेरीज दुसरं नाव कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं, आणि ताईंनी तसं कधी म्हटलं नाही तरी त्या या जागेची वाट बघत होत्या हे मला माहीत होतं. 'अवलंबून असलेली व्यक्ती' या शब्दांवर त्यांनी केलेले सगळे विनोद जरा जास्तच चांगले असत. मुलाखत झाली. नकार अतिशय सभ्य होता. अनुभव मोठा, उत्साह वाखाणण्यासारखा, परंतु या कामात अचूकतेला विशेष महत्त्व असल्याने. जागा दुसऱ्या कुणाला गेली.

तेव्हा मात्र मी त्यांना म्हटलं की आता खरं सांगा, निदान यास्परला तरी. तो कुणाला बोलणार नाही. त्या त्यांच्या स्वयंपाकघरात ज्वारीच्या पिठाचे डबे भरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मी चुकले म्हणून माझं काय गेलं? नोकरी. दुसरी भेटेल. त्याचं घर गेलं तर त्याले या वयात दुसरं कोण बांधून देते?" मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, नाहीतरी मला सकाळी उठून ऑफिसला जायचा कंटाळाच आहे. हे मात्र खोटं होतं. त्या पहाटे फोटो काढायला नेहमी माझ्याआधी हजर असत.

भिंती भरल्या गेल्या. वाउटर्सचा मुलगा रविवारी येऊन काम बघून गेला आणि वडिलांनी आपण होऊन योजनेत भाग घेतला याचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्या इमारतीचा विषय पुन्हा निघाला नाही. वाउटर्स पुढचे हिवाळे दिवाणखान्यात बसले. रस्त्यात ताई दिसल्या की टोपी काढत, हवामानावर एखादं वाक्य बोलत, पुढे जात. आभार त्यांनी मानले नाहीत. ताईंनाही ते नको असावेत, कारण एकदा नाताळाला वाउटर्सनी हाताने केलेला लाकडी पोळपाट आणून दिला, तर ताईंनी त्यांना तो पुरेसा गोल नसल्याचं सांगितलं. वाउटर्स तो परत घेऊन गेले आणि घासून आणला.

नंतर राऊतसाहेबांची बदली अॅमस्टरडॅमला झाली आणि ते दोघं तिथून जवळच्या आल्मेरेला गेले. वाउटर्सनीही पुढे घर सोडलं, पण स्वतःच्या मर्जीने. गुडघे म्हणतात आता पुरे, म्हणाले. निघण्याआधी त्यांनी सगळ्या गल्लीला कॉफीला बोलावलं. मुलगा होता, पाठक होते, मी होतो. केक कापून झाल्यावर वाउटर्सनी कपावर चमचा वाजवला आणि त्या हिवाळ्याची हकीकत जशीच्या तशी सांगितली. बॉयलर, पलंग, हीटर, आणि मोजपट्टी चुकल्याचं भर सभेत खोटं सांगणारी बाई. मुलाने चमचा खाली ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग परत येऊन त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

पाठक माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, म्हणजे कॅमेरा सरळच होता? मी हो म्हटलं. त्यांनी केकचा तुकडा संपवला. ते माणूस वाईट नाहीत. चेहरा खरंच पडला होता. पण थोड्या वेळाने ते म्हणाले की हे मंडळात सांगायलाच हवं, मात्र गणपतीनंतर सांगू, कारण यंदाच्या नाटुकल्यात उलट्या कॅमेऱ्याचा प्रसंग बसवून झालाय.

मी संध्याकाळी ताईंना फोन केला. सगळं ऐकून त्या आधी वाउटर्सवर रागावल्या, सांगू नका म्हटलं असताना कशाला सांगितलं म्हणून. मग म्हणाल्या, आता पाठक माझ्याशी आदराने बोलतील, मग मंडळात यायचं कशाला?

शेवटचं त्यांना बघितलं ते आल्मेरेला. अंजली आणि मी त्यांचं नवं घर बघायला गेलो होतो. कोरं करकरीत घर, तीनपदरी काचा, जमिनीखालून ऊब. राऊतसाहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरत होते आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोकळे दिसत होते. ताई मात्र उदास होत्या. घरात काही सापडतच नाही, त्या म्हणाल्या. सगळी भिंत एका रंगाची. शेजारीपाजारी विचारलं, तर त्यांचीही तशीच. सगळं गावच नवं, कोण कशाला बोलावेल? बाजरीची खिचडी उत्तम झाली होती, पण वाढताना त्यांचं मन त्यात नव्हतं.

निघताना त्या आम्हाला पोचवायला स्टेशनवर आल्या. प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर लोकरी टोपीतली एक वयस्क डच बाई बसली होती. तिने हवेबद्दल काहीतरी म्हटलं, ताईंनी उत्तर दिलं, आणि आमच्याकडे पाठ करून त्या तिच्याशेजारी टेकल्या. गाडी आली. आम्ही चढलो, खिडकीपाशी जागा घेतली, अंजलीने काचेवर टकटक केलं. ताईंनी वर बघितलं नाही. ती बाई दोन्ही हात फाकवून कशाची तरी रुंदी दाखवत होती, बहुधा एखाद्या खिडकीची. ताई पर्समध्ये पेन शोधत होत्या. गाडी हलली तेव्हा पेन सापडलं होतं, आणि त्या बाईचा पत्ता स्वतःच्या तळहातावर लिहून घेत होत्या.